घरी होडी करायची, तर आकार कशात काढायचा? नवख्यांसाठी हल डिझाइनच्या सॉफ्टवेअरची निवड

कोल्हापूरला समुद्र नाही, पण पाण्याला तोटा नाही. रंकाळा आहे, कळंबा आहे, राधानगरीचा लक्ष्मी तलाव आहे, आणि प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत पंचगंगा आहे. त्यातून उद्यमनगरच्या कारखान्यांच्या आसपास वाढलेल्या माणसाला कुठलीही वस्तू बघितली की ‘हे आपण करू की’ म्हणायची खोड असते. त्यामुळे दोन माणसांची छोटी होडी घरीच करावी असं इथल्या कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात येतच असतं. मग पहिला प्रश्न हमखास हाच, की कॉम्प्युटरवर हलचं, म्हणजे होडीच्या बाहेरच्या अंगाचं, डिझाइन कशात करू?

याला उत्तर म्हणून बहुतेक वेळा दहा-बारा प्रोग्रॅमची नावं हातात पडतात, आणि नवखा माणूस त्यातलं सगळ्यात देखणं चित्र दाखवणारं उचलतो. माझं म्हणणं उलट टोकाकडून आहे. होडी कशापासून करणार आणि कापायला काय नेणार, हे आधी ठरवा. तेवढं ठरलं की दहातली आठ नावं आपोआप गळतात.

हा लेख दहा ते चौदा फुटी, वल्ह्याच्या, बिनइंजिनाच्या आणि संथ पाण्यातल्या होडीपुरता आहे. इंजिन लावायचं असेल, प्रवासी न्यायचे असतील, तर ते काम शिकलेल्या नौका-अभियंत्याचं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ‘पुरात उपयोगी पडेल’ म्हणून होडी करायची असेल तर कृपा करून थांबा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पाण्याला ओढ असते आणि त्याखाली तारा, कुंपणं, पत्र्याची छपरं असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी होडी उलटून माणसं गेली. ते काम बचाव पथकांचं आणि त्यांच्या रबरी बोटींचं आहे. आपली होडी हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या शांत पाण्यासाठी.

आधी वही

कुठलाही प्रोग्रॅम उतरवण्याआधी एका पानावर वजनाचा हिशेब मांडा. दोन माणसं १४० किलो, रिकामी होडी ४० किलो, वल्ही, लाइफ जॅकेट, डबा-पाणी मिळून २० किलो. एकूण २०० किलो. गोड्या पाण्याचा एक घनमीटर म्हणजे १००० किलो, म्हणजे आपल्या होडीने ०.२ घनमीटर पाणी बाजूला सारलं पाहिजे. होडीशास्त्राचा पाया एवढाच आहे. पुढचं सॉफ्टवेअर हेच काम बारकाईने करतं.

आता पाण्याच्या रेषेवर होडी ३.४ मीटर लांब आणि ०.९ मीटर रुंद धरू. दोन्ही टोकांना निमुळत्या होणाऱ्या सपाट तळाच्या होडीत, त्या मापाच्या चौकोनी खोक्याच्या साधारण निम्मी जागा भरते. या प्रमाणाला ब्लॉक कोएफिशंट म्हणतात, इथे ०.५ धरा. ०.२ ला ३.४ × ०.९ × ०.५ ने भागलं की आलं ०.१३. होडी १३ सेंटिमीटर बुडणार. बाजूची उंची ४० सेंटिमीटर ठेवली तर पाण्यावर २७ सेंटिमीटर काठ उरतो. तळ्यातल्या होडीला तो पुरे.

याच पानावर आणखी दोन गोष्टी लिहा. होडी ठेवणार कुठे, आणि नेणार कशातून? छोटा हत्तीचा हौदा सात फुटांच्या आसपास असतो, म्हणजे बारा फुटी होडी मागे पाच फूट लोंबकळणार. जिन्यातून गच्चीवर चढवायची असेल तर वळणावर अडते का ते दोरी लावून आधी बघा. पुष्कळ होड्यांची लांबी प्रत्यक्षात जिनाच ठरवतो.

कशापासून करणार, त्यावर प्रोग्रॅम ठरतो

घरच्या घरी होडी करायच्या चालू पद्धती तीन. पहिली प्लायची: तक्ते कापायचे, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायचे, आतून इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारी चिकट राळ, आणि काचेचं कापड लावून सांधे पक्के करायचे. दुसरी लाकडी पट्ट्यांची: साच्यावर बारीक पट्ट्या एकापुढे एक चिकटवत गोलसर अंग तयार करायचं. तिसरी फायबरची, साचा करून.

कोल्हापुरात नवख्यासाठी मी पहिलीच सुचवीन. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय टिंबर मार्केटमध्ये मागवून मिळतो, फर्निचरसाठी सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या फाइलवरून प्लाय कापणारं मशीन, चालवणारे आहेत, आणि इपॉक्सी, काचकापड हाताळणारे कारागीरही सापडतात. पट्ट्यांच्या होडीला हलकं, सरळ रेषेचं, बिनगाठीचं लाकूड लागतं. ते शोधण्यातच हौस आटते.

पण प्लायची एक अट आहे आणि सॉफ्टवेअरची सगळी निवड त्या अटीवर उभी आहे. प्लाय एका वेळी एकाच दिशेने वळतो. भेळेचा कागद पुड्यासारखा छान गुंडाळला जातो, पण त्याच कागदाने नारळ गुंडाळायला गेलात तर चुण्या पडतात. तसंच प्लायचं. नळी किंवा शंकूच्या जातीचा पृष्ठभाग प्लायला जमतो. नारळासारखा दोन्हीकडून फुगलेला जमत नाही. पहिल्या जातीच्या पृष्ठभागाला डेव्हलपेबल म्हणतात, म्हणजे तो ताण न देता सपाट उलगडता येतो.

स्क्रीनला ही अट माहीत नसते. एका पॅटर्न मेकरने, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणाऱ्याने, मला हेच त्याच्या भाषेत ऐकवलं होतं: “स्क्रीनवर काय बी वळतंय ओ, प्लाय वळला पायजे.” तर प्लायची होडी करणाऱ्याने प्रोग्रॅमला पहिला प्रश्न हा विचारायचा: तू हा पृष्ठभाग तपासून सपाट उलगडून देतोस का? नाही म्हणाला तर पुढे जा, त्याची चित्रं कितीही चकचकीत असोत.

नावं आणि माझं मत

कार्लसन यांचा हल डिझायनर. जुना, छोटा, फुकट विंडोज प्रोग्रॅम. दिसायला अगदी ओबडधोबड. फक्त चाइनच्या होड्या काढतो, म्हणजे तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथे स्पष्ट कोपरा असलेल्या. ठरावीक ठिकाणचे छेद, ज्यांना स्टेशन म्हणतात, त्यांवरचे बिंदू ओढायचे. होडी समोर फिरवून बघायची. मग तक्ते उलगडून प्लायच्या शीटवर मांडून बघायचे. फार काही करता येत नाही, आणि नवख्याला ते सोयीचंच आहे. ज्याने आयुष्यात कधी कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, उघडलं नाही त्याने इथून सुरुवात करावी. एका संध्याकाळीत पहिली होडी दिसते.

फ्रीशिप. नाव शोधताना लक्षात ठेवा, मूळ नावात ‘फ्री’ आणि ‘शिप’ यांच्या मध्ये उद्गारचिन्ह आहे, त्यामुळे शोधताना भलतंच काही समोर येतं. हा मुक्त स्रोत प्रोग्रॅम डच निर्मितीचा. नियंत्रण बिंदूंची जाळी ओढून आकार घडवायचा, आणि पृष्ठभाग त्या जाळीच्या आत गुळगुळीत बसतो. पृष्ठभाग बिंदूंमधून जात नाही, त्यांच्या जवळून जातो, हे पहिल्या दिवशी चमत्कारिक वाटतं. कोपरा हवा तिथली कड ‘क्रीज’ करायची, म्हणजे चाइन तयार. फक्त अर्धी होडी काढायची, दुसरी बाजू आरशातून येते. डेव्हलपेबल आहे की नाही ते रंगाने दाखवतो: हिरवं जमेल, लाल जमणार नाही. पाण्यातले आकडे देतो, रेषाचित्र काढतो, तक्ते उलगडतो, कापणाऱ्या मशीनला चालणारी डीएक्सएफ नावाची रेषांची फाइल देतो. एकच प्रोग्रॅम शिकायचा असेल तर माझं मत याला.

डेल्फ्टशिप याच घराण्यातलं पुढचं नाव. फुकट आवृत्तीही आहे आणि व्यावसायिकांसाठी पैशाचीही. दिसायला नीटनेटकं आहे. फुकट आवृत्तीत तुम्हाला हव्या त्या गोष्टी, विशेषतः तक्ते उलगडणं, उघडतात का हे मेन्यूत जाऊन आधी बघा आणि मगच त्यावर वेळ घाला.

कयाक फाउंड्री. पट्ट्यांच्या कयाकसाठीच केलेला फुकट प्रोग्रॅम, त्या कामाला सुरेख. प्लायवाल्याने याच्या वाटेला जाऊ नये.

राइनो. सगळ्यात समर्थ, आणि महाग. पूर्ण क्षमतेची चाचणी आवृत्ती ९० दिवस मिळते. आर्किटेक्ट किंवा ज्वेलरी डिझाइनवाला मित्र असेल तर त्याच्याकडे असण्याची शक्यता असते. मुळात त्यात पाण्याचे आकडे बेताचेच. नौकांसाठी ऑर्का थ्रीडी नावाचा जोडप्रोग्रॅम वेगळा घ्यावा लागतो.

मॅक्ससर्फ हे जहाज बांधणाऱ्यांचं हत्यार. बारा फुटी होडीसाठी विसरा.

आता आपल्या गावचा खास प्रश्न. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथे सॉलिडवर्क्स, क्रिओ, ऑटोकॅड येणारी पोरं पैशाला पासरी आहेत. “मला सॉलिडवर्क्स येतंय की, त्यातच काढतो.” काढता येतं, नाही असं नाही. पण ही सॉफ्टवेअर व्हॉल्व्ह, पंप, कास्टिंग यांसाठी घडवलेली. होडी किती बुडेल, वजन पुढे सरकवलं तर नाक किती खाली जाईल, हे त्यांना सहज विचारता येत नाही. दर वेळी पाण्याच्या पातळीवर छेद घेऊन घनफळ मोजत बसावं लागतं. माझा सल्ला असा, की आकार आणि पाण्याचे आकडे फ्रीशिपमध्ये काढा. बैठका, वल्ह्याच्या कड्या, आतले आडवे फळे यांसाठी तुमचं येणारं कॅड वापरा. फ्रीकॅडलाही हेच लागू, त्याला जहाजांचा जोडविभाग आहे तरी. ब्लेंडर आणि स्केचअप चित्रापुरते.

लॅपटॉपवर लिनक्स असेल तर यातले छोटे विंडोज प्रोग्रॅम ‘वाईन’ नावाच्या प्रोग्रॅममधून चालवून बघता येतात. जुने प्रोग्रॅम मूळ ठिकाणावरूनच घ्या. फ्रीशिप सोर्सफोर्ज या संकेतस्थळावर आहे. कुठल्याशा ‘फ्री डाउनलोड’ पानावरून घेतलात तर सोबत काय येईल सांगता येत नाही.

पहिली परीक्षा: खोका

प्रोग्रॅम उघडला की लगेच होडी काढू नका. आधी एक खोका काढा: २ मीटर लांब, १ मीटर रुंद, अर्धा मीटर उंच, सगळे कोपरे क्रीज केलेले. बुडण्याची खोली १० सेंटिमीटर द्या आणि हायड्रोस्टॅटिक्सचा, म्हणजे पाण्यातल्या आकड्यांचा, तक्ता काढा.

विस्थापन, म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, २०० किलो आलं पाहिजे. २०५ आलं तर घाबरू नका, प्रोग्रॅम समुद्राचं पाणी धरून चाललाय, घनता १.०२५. फ्रीशिपसारख्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीचं सेटिंग तेच असतं, कारण ते करणारे लोक समुद्राकाठचे. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये जाऊन १.००० करा. आपल्या होडीला पाच किलोंनी काही बिघडत नाही, पण सेटिंग कुठे आहे ते कळतं. १०० किंवा ४०० आलं तर अर्धी आणि पूर्ण होडी यांचा घोळ आहे. भलताच आकडा आला तर एकक तपासा, बहुतेक फूट आणि मीटर यांची गल्लत असेल.

त्याच तक्त्यात होडीच्या स्थिरतेसाठी लागणारा ‘केएम’ नावाचा आकडा असतो. खोक्यासाठी तो हाताने काढता येतो: बुडालेल्या भागाचा मध्य तळापासून ०.०५ मीटरवर, त्यात रुंदीचा वर्ग भागिले बुडण्याच्या खोलीची बारा पट, म्हणजे १ भागिले १.२, म्हणजे ०.८३३. बेरीज ०.८८३. प्रोग्रॅमनेही हेच दिलं की तो आणि तुम्ही एकाच भाषेत बोलताय.

आता या केएममधून वजनाच्या मध्याची उंची वजा करा. उरलं ते जीएम. ते जितकं मोठं, तितकी होडी सुरुवातीच्या कलण्याला विरोध करते. खोक्यात दोघं बसलेत, त्यांचा मध्य तळापासून अर्ध्या मीटरवर, बाकी ६० किलो सामान आणि होडीचा २० सेंटिमीटरवर धरला, तर सगळ्यांचा मिळून मध्य ०.४१ वर येतो आणि जीएम ४७ सेंटिमीटर. दोघं उभे राहिले, त्यांचा मध्य एक मीटरवर गेला, की एकूण मध्य ०.७६ वर आणि जीएम उरतं १२ सेंटिमीटर. होडी तीच, पाणी तेच, माणसंही तीच. फोटोसाठी उभं राहणाऱ्यांना हा हिशेब दाखवावा.

पहिला हल

कोऱ्या स्क्रीनवरून सुरुवात करू नका. छोट्या होड्यांचे फुकट नकाशे पुष्कळ मिळतात. त्यातल्या एखाद्या सपाट तळाच्या होडीचा मापांचा तक्ता घ्या आणि तो जसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये भरा. पाण्यात उतरलेल्या होडीचे आकडे तुमच्या स्क्रीनवर आले की मग लांबी-रुंदीत थोडे फेरफार करून काय बदलतं ते बघा.

फ्रीशिपमध्ये नवं मॉडेल घेताना लांबीच्या आणि उंचीच्या दिशेने किती बिंदू हवेत ते विचारतो. इथे हात आखडता घ्या. नवखा माणूस बारीक आकार मिळावा म्हणून बिंदू वाढवतो, आणि मग प्रत्येक बिंदू एकेक टेंगूळ होऊन बसतो. लांबीला पाच-सहा बिंदू बारा फुटी होडीला भरपूर झाले. वरून बघताना काठाची रेषा आणि बाजूने बघताना चाइनची रेषा, दोन्ही एका ओघात गेल्या पाहिजेत. प्रोग्रॅममध्ये वक्रतेचे दात, म्हणजे रेषा कुठे किती वळते ते दाखवणाऱ्या काड्या, दाखवायची सोय असेल तर ती सुरू करा. दात सावकाश वाढले-कमी झाले तर ठीक, मध्येच उलटे झाले तर तिथे खड्डा आहे.

दुसरी खूणगाठ लेयरची, म्हणजे मॉडेलच्या वेगवेगळ्या थरांची. तळ एका लेयरवर, बाजू दुसऱ्या, मागचा आडवा फळा तिसऱ्या. फ्रीशिपमध्ये लेयरच्या सेटिंगमध्ये ‘डेव्हलपेबल’ अशी खूण असते. ती केली तरच तो तक्ता उलगडतो, नाहीतर उलगडायच्या यादीत येतच नाही आणि माणूस तासभर मेन्यू चाळत बसतो. तिथेच प्लायची जाडी आणि घनता भरता येते, म्हणजे तक्त्यांचं वजन प्रोग्रॅमच काढतो.

आकार निवडताना आपल्याकडची एक जुनी गोष्ट शिकवून जाते. गुऱ्हाळातली काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई. पूर्वीपासून नदीकाठची माणसं वैरण आणायला, पलीकडे जायला काहील पाण्यात सोडतात. रुंद, सपाट, त्यामुळे ओझं भरपूर घेते आणि फार बुडत नाही. पण गोल असल्याने तिला दिशा नाही; वल्हं एका बाजूने मारलं की जागच्या जागी फिरते. तुमची होडी जितकी काहिलीकडे झुकेल तितकी ती आपल्या ओझ्याने शांत बसेल, आणि जितकी लांबट-अरुंद होईल तितकी सरळ आणि हलकी चालेल. पहिल्या होडीला लांबी रुंदीच्या चौपट धरा, म्हणजे दोन्हीतलं थोडं थोडं मिळतं.

कुठले आकडे वाचायचे, कुठले सोडायचे

हायड्रोस्टॅटिक्सच्या तक्त्यात चाळीस ओळी असतात. नवख्याने चारच बघाव्यात.

विस्थापन, वहीतल्या वजनाएवढं. बुडालेल्या भागाचा लांबीतला मध्य, म्हणजे एलसीबी: माणसांच्या आणि सामानाच्या वजनाचा मध्य याच्याच वर आला पाहिजे, नाहीतर होडी नाकावर किंवा शेपटीवर बसते. बैठकांची जागा म्हणूनच शेवटी ठरवायची, आधी नाही. तिसरं जीएम, वर सांगितलं. चौथं, पाण्याच्या पातळीवरच्या छेदाचं क्षेत्रफळ. आपल्या उदाहरणात ते २.१४ चौरस मीटरच्या आसपास येईल, म्हणजे होडी एक सेंटिमीटर खाली जायला २१ किलो लागतात. “अजून एक जण बसू दे की” म्हटलं, आणि तो ७० किलोंचा असला, तर होडी सव्वातीन सेंटिमीटर खाली. हे आधी माहीत असलेलं बरं.

रेझिस्टन्स, म्हणजे पाण्याच्या विरोधाचे आलेख सोडून द्या. फ्रीशिपमध्ये कयाकसाठीचं केपर आणि शिडाच्या होड्यांसाठीचं डेल्फ्ट सिरीज अशी गणितं आहेत, खेळायला मजेशीर आहेत. पण पाण्याच्या रेषेवर ११ फूट लांब होडीचा नैसर्गिक वेग १.३४ गुणिले ११ चं वर्गमूळ, म्हणजे साडेचार नॉटच्या आत, ताशी सव्वाआठ किलोमीटर. रंकाळ्याच्या काठावर सकाळी पळायला येणारे त्यापेक्षा जोरात जातात. त्यात पाव नॉट वाढवण्यासाठी रात्र जागवू नये.

पुठ्ठ्याची होडी

या पायरीला लोक फाटा देतात, आणि खरी मजा इथेच आहे.

उलगडलेले तक्ते एकास दहा प्रमाणात छापा. बारा फुटी होडीचा तक्ता ३७ सेंटिमीटरच्या आसपास येतो, ए-थ्री कागदावर मावतो. तो जाड ड्रॉइंग शीटवर चिकटवा, कटरने कापा, आणि कडा कागदी टेपने जोडत जा, नाकापासून सुरुवात करून मागे. तळाची कड आणि बाजूची कड शेवटपर्यंत जुळली पाहिजे. मागे येईतो एक कड दुसरीपेक्षा पुढे गेली, किंवा पुठ्ठा मध्ये फुगून उभा राहिला, तर आकार प्लायला जमणारा नाही. स्क्रीनवर हिरवं काहीही दिसो. बहुतेकदा दोष नाकाजवळच्या पिळात असतो. तिथला पीळ थोडा कमी करा, परत उलगडा, परत कापा. पुठ्ठा स्वस्त आहे.

जुळली की आतून-बाहेरून मेणबत्तीचं मेण किंवा वॉर्निश लावा आणि टबात सोडा. इथे एक सोयीचं गणित आहे. एकास दहाच्या नमुन्यात लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहाने भागल्या जातात, म्हणून वजन हजाराने भागलं जातं. २०० किलोंच्या होडीचा नमुना सगळा मिळून २०० ग्रॅमचा. किराणावाल्याच्या काट्यावर नमुना ठेवा, २०० भरेपर्यंत वाळूच्या पुड्या घाला, बैठकांच्या जागी ठेवा आणि पाण्यात सोडा. १.३ सेंटिमीटर बुडाली पाहिजे. पुड्या पुढे-मागे सरकवा, नाक किती खाली जातं बघा. एक पुडी काठाला ठेवा, किती कलते बघा.

फाइल सीएनसीवाल्याकडे नेताना

फर्निचरचं राउटर चालवणारा माणूस चौकोन आणि महिरपी कापतो. तुमची बारा फुटी वाकडी रेषा त्याला नवी असते, म्हणून फाइल स्वच्छ न्या.

डीएक्सएफमध्ये प्रत्येक तक्त्याची बाह्यरेषा एकच बंद पॉलिलाइन, म्हणजे सलग जोडलेली रेषा, हवी. शंभर सुट्या तुकड्यांची असेल तर मशीन शंभर वेळा बिट, म्हणजे कापणारं पातं, उचलतं. एकक मिलिमीटर आहे हे सांगाच, आणि फाइलच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा एक चौकोन काढून ठेवा. त्याच्या स्क्रीनवर तो १०० भरला की निम्मी काळजी मिटली. इंचाच्या घोळात सगळं २५.४ पट होतं. बिट रेषेच्या बाहेरून फिरवायला सांगा, नाहीतर ६ मिलिमीटरचा बिट सगळीकडून ३ मिलिमीटर खातो.

शीट आठ बाय चार फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. बारा फुटी तक्ता दोन तुकड्यांत जाणार. सांधा कुठे येतो ते फाइलमध्येच ठरवा. सगळ्या तक्त्यांचे सांधे एका रेषेत नकोत. तासून जोडायचा सांधा असेल तर त्याची लांबी जाडीच्या आठपट: ६ मिलिमीटर प्लायला ४८ मिलिमीटर. तेवढं जास्तीचं मटेरियल फाइलमध्ये धरलंय का, हे कापायच्या आधी बघा, नंतर ते परत येत नाही.

सीएनसी परवडत नसेल तर अजिबात अडत नाही. प्रोग्रॅमकडून प्रत्येक तक्त्याच्या मापांची यादी घ्या, प्लायवर दर ३० सेंटिमीटरला खूण करा, खुणांवर खिळे ठोका, लवचीक लाकडी पट्टी खिळ्यांना लावून पेन्सिल फिरवा, जिगसॉने कापा. पट्टी जिथे एखाद्या खिळ्यापासून सुटते तिथे माप चुकलंय. पट्टीचं ऐका, खिळा सरकवा.

प्लाय घेताना एक शीट काट्यावर घाला. ६ मिलिमीटरची आठ बाय चार शीट १२-१३ किलोंच्या आसपास भरते, पण लाकडाप्रमाणे फरक पडतो. आलेलं वजन लेयरच्या सेटिंगमध्ये भरून होडीचं वजन पुन्हा काढा. तक्त्यांचं क्षेत्रफळ साडेसहा चौरस मीटर असेल तर नुसता प्लाय २७-२८ किलो, आणि इपॉक्सी, कापड, काठाच्या पट्ट्या, बैठका धरून ४० पर्यंत जाणारच.

पाण्यात

तळं नगरपालिकेचं असो, पाटबंधारे खात्याचं असो की गावाचं, होडी सोडायच्या आधी ज्याच्या ताब्यात पाणी आहे त्याची परवानगी घ्या. पिण्याच्या पाण्याच्या तलावात ती मिळेल असं धरून चालू नका. अंतर्गत जलवाहतुकीसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा आला आहे, त्यात बिनइंजिनाच्या होड्यांचाही विचार आहे. त्याचे इथले नियम विचारून घ्या. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यांनीही घालायचं.

पहिल्या दिवशी माणसं बसवू नका. कमरेएवढ्या पाण्यात होडी धरा आणि २० लिटरचे पाण्याचे कॅन भरून बैठकांच्या जागी ठेवा. होडीचं स्वतःचं वजन ४० किलो, म्हणजे आठ कॅन झाले की २०० भरले. बाहेरून पाण्याच्या रेषेला टेप लावा, होडी बाहेर काढा, आणि तळापासून टेपपर्यंत मोजा. हायड्रोस्टॅटिक्सच्या तक्त्यात १३ सेंटिमीटर आहे. १३ ते १४ आलं तर प्रोग्रॅम, फाइल आणि सुतारकाम तिन्ही जागेवर आहेत. १५ आलं तर दोन सेंटिमीटर म्हणजे ४२ किलो जास्त, तेव्हा रिकामी होडी भुसार मालाच्या काट्यावर घालून बघा. बहुतेक इपॉक्सी जास्त ओतलेलं निघतं.